बाईंची खोली

आमोण्याच्या आमच्या जुन्या घराच्या पडवीला लागून उत्तरेकडे एक लहानशी खोली आहे. एक गजांची खिडकी, भिंतीत दोन कोनाडे आणि अंगणात उघडणारे स्वतंत्र दार. तीत राहणाऱ्या बाई गाव सोडून गेल्याला आता पंचावन्न वर्षे उलटली. त्यानंतर तिथे नारळ साठवले गेले, भाताच्या कणग्या ठेवल्या गेल्या, मधल्या काळात आमच्या धाकट्या बंधूंनी आपले सामानही टाकले. पण घरात आजही तिला ‘बाईंची खोली’ असेच म्हणतात.

त्याआधी ती ‘शेणैमामाची खोली’ होती, असे आमचे वडील सांगत. पोर्तुगीज अमदानीत मराठीचे शिक्षण म्हणजे बहुतांशी घरोघरच्या पडवीतले शिक्षण. सधन घराने एखादा मास्तर ठेवावा, त्याने घरातल्या आणि शेजारपाजारच्या मुलांना बाराखडी, पाढे, मोडी आणि पोथीवाचन शिकवावे आणि त्याच घराच्या पंक्तीला जेवावे, अशी ती व्यवस्था. या मास्तरांना लोक शेणैमामा म्हणत. आमच्याकडचे शेणैमामा त्या खोलीत बारा-तेरा वर्षे एकटेच राहिले. त्यांच्या एकटेपणाविषयी गावात कोणी अवाक्षर काढल्याचे ऐकिवात नाही. चवथीला ते आमच्याच माटोळीखाली आरतीला उभे राहत, दिवाळीला आमच्याच न्हाणीत अभ्यंगस्नान करीत. पुरुषाचे एकटे राहणे हे कामाचे राहणे होते.

बाई आल्या आणि त्याच खोलीत तसेच एकटे राहणे हा चर्चेचा विषय झाला.

त्या येण्यामागचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे, तरी थोडक्यात सांगतो. डिचोली १७८१ साली आणि पेडणे १७८८ साली पोर्तुगिजांकडे गेले. तोवर हा मुलूख वाडीकर सावंत-भोसल्यांचा. राज्य बदलले तरी घाटापलीकडचे आणि वाडीकडचे नाते तुटले नाही. देवळांचे उत्सव, कीर्तने, दशावतार, लग्नसंबंध हे सारे मराठीच्या आधाराने चालत राहिले. आपणा वाचकांपैकी बहुतेकांची घराणीही कधी ना कधी घाट उतरून किंवा तेरेखोल ओलांडूनच इथे आली, हे या ठिकाणी लक्षात ठेवावे. त्याचा संबंध पुढे येणार आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. डिसेंबर १९६३ मध्ये पहिली निवडणूक होऊन दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि गावोगाव सरकारी मराठी प्राथमिक शाळा उघडण्याचा सपाटा सुरू झाला. शाळा उघडायला इमारत लागत नव्हती. कुठे देवळाची अग्रशाळा, कुठे एखाद्याची पडवी चाले. शिक्षक मात्र हवे होते आणि तेवढे शिक्षक गोव्यात नव्हते. रत्नागिरी, कोल्हापूर, बेळगाव या बाजूंनी तरुण मुले आली, आणि त्यांच्याबरोबर मुलीही आल्या.

या शाळांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यात मंत्री आहेत, धोरण आहे, वाद आहेत. ज्यांच्या हातातल्या खडूने ते धोरण फळ्यावर उतरले त्या विशीतल्या मुली कुठे राहत होत्या, काय खात होत्या, सणाच्या दिवशी काय करीत होत्या, हे आम्हांला कुठे वाचायला मिळाले नाही. म्हणून आम्ही पाहिले तेवढे लिहितो. बाईंचे नाव देत नाही. त्यांना ते आवडले नसते.

बाई कोल्हापूरकडच्या. १९६४ च्या जून महिन्यात, पहिल्या पावसात, एक लोखंडी ट्रंक, एक वळकटी आणि रॉकेलचा स्टो घेऊन त्या आल्या. वय एकवीस. वडिलांनी पोहोचवायला येऊन एक रात्र मुक्काम केला, आमच्या आजोबांपुढे हात जोडले आणि सकाळी ते निघून गेले. तेव्हा मांडवीवर आमोण्यापाशी पूल नव्हता. पलीकडचे खांडोळे डोळ्यांना दिसे, पण पाण्यावरून जावे लागे, आणि पावसाळ्यात ते पाणी पाहूनच घाटावरच्या माणसाचा धीर सुटे. नदीतून खनिजाने भरलेल्या बार्जी खाली मुरगावकडे जात. त्यांच्या इंजिनांची घरघर रात्री खोलीत ऐकू येई. पहिले काही दिवस बाईंना झोप लागत नसे. आमच्या थोरल्या आत्याने त्यांना सांगितले, वेताळ रात्री गावाची राखण करीत फिरतो, चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून लोक त्याला नव्या वाहतात. त्याच्या आमोण्यात भिण्याचे कारण नाही. बाई शिकलेल्या होत्या, त्या हसल्या. पण आपल्याला त्यानंतर झोप लागू लागली, हे त्यांनीच पुढे सांगितले.

त्यांचा दिवस पहाटे विहिरीवर सुरू होई. घरातल्या बायकांची वर्दळ होण्याआधी दोन कळश्या भरून घ्यायच्या, स्टोवर चहा, मग केरवारा. गावाहून आणलेले जोंधळ्याचे पीठ महिनाभर पुरे. ते संपले की उकड्या तांदळाचा भात. हा जाड, तांबूस भात त्यांच्या घशाखाली उतरेना. थोरल्या आत्याने त्यांना पेज करायला शिकवली, कोकमाची सोले दिली. मासळीच्या वासाची सवय व्हायला मात्र त्यांना वर्ष लागले. शाळा सुटल्यावर वह्या तपासणे, कपडे धुणे, आठवड्याला घरी एक पत्र आणि महिन्याला पगारातून एक मनिऑर्डर. धाकट्या भावाचे शिक्षण त्या मनिऑर्डरीवर चालले होते. रात्री कंदिलाच्या उजेडात त्या वाचीत बसत. त्या उजेडाचीही चर्चा झाली. एकट्या मुलीच्या खोलीत दहा वाजेपर्यंत दिवा कशाला, असे एका प्रतिष्ठित गृहस्थांनी आजोबांना विचारले. आजोबांनी बाईंना काही सांगितले नाही. पण दुसऱ्या दिवसापासून खिडकीला आतून एक जुने पातळ लागले. म्हणजे त्यांच्या कानांवर ते गेले होते.

या संशयाचे मूळ आपल्याच समाजरचनेत होते. गोव्याच्या गावांना एकटी स्त्री दोनच रूपांत माहीत होती. एक विधवा, ती घरात असे, पण घराच्या मागच्या बाजूला. दुसरी देवळाच्या सेवेतली कलावंत. तिचे घर स्वतंत्र असे, पण त्या स्वातंत्र्याची किंमत काय होती हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. केरीच्या केसरबाई केरकर (जन्म १८९२) आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर (जन्म १९०४) यांना मान मिळवण्यासाठी गोवा सोडून मुंबई गाठावी लागली. शाळांचा हा विस्तार ज्यांनी केला ते बांदोडकरही गोमंतक मराठा समाजातले, हा केवळ योगायोग आहे असे आम्हांला वाटत नाही. पगार घेणारी, स्वतःचा स्वयंपाक करणारी, कोणाच्याही आधाराने न राहणारी अविवाहित मुलगी हे तिसरे रूप १९६१ नंतरचे. त्याला कोणत्या चौकटीत बसवावे हे गावाला कळत नव्हते. मुलींना मात्र ते ताबडतोब कळले. बाई आल्यावर आमच्या वर्गात मुलींची संख्या वाढली. ज्या आया मास्तरांपुढे मुली पाठवायला कचरत, त्या बाईंकडे निर्धास्तपणे पाठवू लागल्या.

वर्षाचे सण बाईंसाठी दोन प्रकारचे होते. शाळेतले सण त्यांचे असत. नवरात्रातल्या सरस्वतीपूजनाची तयारी त्या आठ दिवस आधीपासून करीत: पाटीवर सरस्वतीचे चित्र, झेंडूच्या माळा, मुलांनी घरोघरहून आणलेली फळे, प्रसादाला चुरमुरे आणि गूळ-खोबरे. घरातले सण त्यांचे नसत. चवथ हा गोव्याचा सर्वांत मोठा सण, पण ती मूळ घरात, भावकीत साजरी होते. माटोळीला आंबाडे, तोरिंगे, माट्टीची फळे, सुपारीचे घोस बांधताना आम्ही मुले ओरडत असू, आणि बाई आपल्या दारात उभ्या राहून पाहत असत. प्रसादाचे ताट त्यांच्या खोलीत जाई. शेणैमामाला पंक्तीत पाट होता. बाईंना ताट जाई. हा फरक त्या वेळी आमच्या लक्षात आला नव्हता.

दिवाळीला त्या एरवी गावी जात. १९६६ साली गेल्या नाहीत. भावाची कॉलेजची फी भरायची होती, आणि जाण्यायेण्याचे भाडे त्यांनी त्यात घातले. १९६५ आणि १९६६ ही दोन्ही वर्षे देशात अवर्षणाची. टंचाई इथेही जाणवत होती. साखर मिळणे मुश्किल. तरीही एकटीच्या दिवाळीची तयारी त्यांनी अशी केली की आम्ही मुले त्या खोलीभोवतीच घुटमळू लागलो. खोली शेणाने सारवली. कोनाड्यांना चुना दिला. बांबूच्या कामट्यांचा आकाशकंदील केला, त्याला शाळेत उरलेला पतंगी कागद लावला. करंज्या गुळाच्या केल्या, आणि चकल्यांसाठी भाजणी आमच्या जात्यावर दळली. दोन शेर भाजणीसाठी सकाळभर जाते ओढणारी ती एकटी मुलगी आणि दुसऱ्या खुंट्याला हात लावून बसलेली थोरली आत्या हे दृश्य अजून डोळ्यांपुढे आहे. मग बाईंनी आम्हांला अंगणात मातीचा किल्ला करायला शिकवले. घाटावरच्या मुलांचा तो दिवाळीतला खेळ. आमच्या गावी तो नवा होता. आमच्यापासून फार दूर नसलेल्या नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचे देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ साली पुन्हा बांधवले, हे त्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी एक छोटे देऊळ करताना सांगितले. इतिहासाचा आमचा पहिला धडा तो.

चतुर्दशीच्या पहाटे गवताचा नरकासुर जाळून आम्ही परतलो. त्या काळी आजच्यासारखे दुमजली नरकासुर नव्हते. न्हाणीतल्या तांब्याच्या भाणात पाणी तापले होते. आईने एकेकाला तेल लावून ओवाळले, कारीट फोडायला लावले. मग फोवांची ताटे मांडली: दुधातले, ताकातले, गुळाचे, रोसातले. कोणाला तरी आठवले की बाईंना बोलवायला हवे. आम्हांला पाठवले.

खोलीचे दार लोटलेले होते. आत बाई पाटावर बसल्या होत्या, केस मोकळे. समोर थोरली आत्या उभी होती. तिच्या हातात तेलाची वाटी होती आणि खाली तबकात निरांजन पेटवून ठेवले होते. आत्या एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परतली होती. आमच्या घरात तिने कोणाच्या कपाळाला कुंकू लावलेले, कोणाला ओवाळलेले आम्ही पाहिले नव्हते. शुभकार्याच्या वेळी ती आपणहून मागच्या दारी जाई. ती म्हणत होती, “बाये, म्हज्या हातान?” त्यावर बाई म्हणाल्या, “आत्या, इथे मला तुमच्याशिवाय कोण आहे?” आत्याने वाटी खाली ठेवली, पुन्हा उचलली. तेल लावून झाल्यावर तिने तबक घेतले. आम्ही दारातूनच परतलो आणि बाई येत आहेत एवढेच घरात सांगितले. लहान होतो तरी बाकीचे सांगू नये हे कळले होते.

पुढच्याच महिन्यात जनमत कौलासाठी बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि गाव पेटल्यासारखे झाले. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की संघप्रदेश राहावा, यासाठी १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. उत्तरेकडच्या आमच्या तालुक्यांचा कल विलीनीकरणाकडे होता आणि आमचे घरही त्याच मताचे. तरी महाराष्ट्रातून आलेल्या नोकरदारांविषयीचा राग प्रचारात इतका उसळला होता की बाईंना वाटेत ‘भायली’ असा शब्द ऐकून घ्यावा लागला. ज्यांनी तो उच्चारला त्यांचेही पूर्वज पलीकडूनच आले होते; फक्त त्याला दोनशे वर्षे झाली होती. विलीनीकरणाला १,३८,१७० मते पडली, विरोधात १,७२,१९१. निकालाच्या संध्याकाळी घरात सुतक पडल्यासारखे होते. बाई दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी शाळेत गेल्या आणि त्यांनी हजेरी घेतली.

१९७० साली त्यांचे लग्न ठरले आणि त्या गेल्या. आमच्या पिढीने पुढे १९८७ चा राजभाषा कायदा पाहिला, घटक राज्य पाहिले, आणि पटसंख्येअभावी अनेक गावांतल्या मराठी शाळांना कुलूप लागलेलेही पाहिले. बाईंचे पोस्टकार्ड दर दिवाळीला थोरल्या आत्याच्या नावे येत असे. आत्याला वाचता येत होते. ते बाईंनीच शिकवले होते, रात्री, त्या पातळ लावलेल्या खिडकीआड. कार्ड वाचून झाले की ती ते खोलीतल्या कोनाड्यात ठेवी.

आत्या १९७८ साली वारली. बाई गेल्यानंतरच्या आठ दिवाळ्यांत चतुर्दशीच्या पहाटे ती नेहमीप्रमाणे मागच्या दारी चुलीपाशी बसे. तिच्या हातून ओवाळून घेण्याची इच्छा आमच्यापैकी कोणी व्यक्त केली नाही. आम्ही तर ते दृश्य पाहिले होते. आम्हीही कधी विचारले नाही.