दुय्यम प्रतीचे जीवन

आयुर्विम्याच्या परिभाषेत विमा उतरवणाऱ्या माणसाला 'जीवन' म्हणतात, आणि त्या जीवनाला प्रत असते. प्रमाण किंवा दुय्यम. आत्मचरित्र शिकवताना आम्ही निवेदक कितपत विश्वसनीय, हा प्रश्न वर्गात हमखास उपस्थित करतो. विम्याचा प्रस्ताव-अर्ज हेही एक आत्मकथनच आहे. मात्र त्यातील निवेदक खोटा ठरला, तर त्याची किंमत बहुधा वारसांना मोजावी लागते.

१७६२ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या 'इक्विटेबल' या संस्थेत इच्छुकाला संचालकांसमोर स्वतः उभे राहावे लागे. देवी येऊन गेल्या आहेत काय, वातरक्ताचा विकार आहे काय, असे प्रश्न त्याला असत. देवीतून वाचलेल्यास तो रोग पुन्हा होण्याचे भय फारसे नसे. एरवी चेहऱ्याचे वैगुण्य मानले जाणारे व्रण येथे पात्रतेची खूण ठरत! छातीची, लघवीची तपासणी पुढे एकोणिसाव्या शतकात रूढ झाली.

हिंदुस्थानात मात्र या तपासणीच्याही आधी एक निवाडा होऊन गेलेला असे. १८१८ मध्ये कलकत्त्यात ओरिएंटल लाइफ इन्शुरन्स कंपनी निघाली ती प्रामुख्याने युरोपीयांसाठी. पुढे परकीय कंपन्यांनी हिंदी लोकांचे विमे घेण्यास आरंभ केला, तरी ही जीवने सरसकट दुय्यम समजून त्यांच्यावर जबर जादा हप्ता आकारला जाई. प्रकृती ठणठणीत असली तरी जन्म आड येई. हिंदी मृत्युदराची पुरेशी आकडेवारी नव्हती, हे कारण क्षणभर मान्य केले, तरी त्या उणिवेचा भुर्दंड विमेदारानेच का सोसावा, हा प्रश्न उरतोच. १८७० साली मुंबईत स्थापन झालेल्या 'बॉम्बे म्युच्युअल'ने हिंदी जीवनांचा विमा सर्वसामान्य दराने घेतला. त्या घटनेचे मोल आमच्या मते व्यापारी यशापुरते नाही. आरोग्य आणि वंश यांची गाठ तिने व्यवहारात सोडवली. १८७४ मध्ये मुंबईतच निघालेल्या 'ओरिएंटल गव्हर्नमेंट सिक्युरिटी'ने आपल्या विमेदारांच्या १९२५ ते १९३५ या काळातील अनुभवावरून मृत्युसारणी सिद्ध केली. १९५६ च्या राष्ट्रीयीकरणानंतर आयुर्विमा महामंडळानेही पुष्कळ वर्षे तिचाच आधार घेतला.

अर्जातले मौन हा मात्र वेगळाच प्रश्न. १९३८ च्या विमा कायद्यातील कलम ४५ ने कंपन्यांना लगाम घातला : पॉलिसीला दोन वर्षे लोटल्यावर केवळ चुकीच्या माहितीचे निमित्त पुरणार नाही, माहिती महत्त्वाची होती, ती कपटाने दिली आणि देणाऱ्याला ती खोटी असल्याचे ठाऊक होते, हे कंपनीने सिद्ध करावे. मिठूलाल नायक विरुद्ध आयुर्विमा महामंडळ या खटल्यात (१९६२) सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ लावला. मार्च १९४५ मध्ये 'ओरिएंटल'ची पंचवीस हजारांची पॉलिसी झाली. नोव्हेंबर १९४६ मध्ये विमेदार वारला. त्यापूर्वी, १९४३ मध्ये, रक्तक्षय, अंगावरची सूज, श्रमाने लागणारी धाप यांवर त्याने औषधोपचार घेतले होते. अर्जात मात्र डॉक्टरांचा सल्ला घेतला काय, या प्रश्नाला 'नाही' असे उत्तर. कंपनीच्या डॉक्टरांनी त्याला तपासले होते, या युक्तिवादाचा उपयोग झाला नाही. कपट सिद्ध झाले. रक्कम तर नाहीच, भरलेले हप्तेही परत मिळाले नाहीत.

निकाल कायद्याला धरून आहे, यात शंका नाही. तथापि धाप लागत असताना 'नाही' लिहिणाऱ्या माणसाची विवंचना त्या निकालपत्रात शोधू नये. न्यायालयापुढे तो प्रश्नच नव्हता. विमा सर्वांत निकडीचा असतो तो अशाच माणसाला, आणि खरे बोलला तर त्याला तो मिळणे सर्वांत कठीण.

२०१५ च्या दुरुस्तीने ही मुदत तीन वर्षांची केली, आणि तीन वर्षांनंतर कपटाच्या कारणावरूनही पॉलिसीला आव्हान देता येत नाही. मिठूलाल खटल्यात कंपनीने दावा नाकारला होता ऑक्टोबर १९४७ मध्ये, म्हणजे पॉलिसीनंतर दोन वर्षे सात महिन्यांनी. आजच्या कायद्याच्या हिशेबानेही कंपनी पाच महिने आधीच पोहोचली असती.