रिकामा बर्थ आणि मधला माणूस

सागरी सहलीचे, म्हणजे आज ज्याला सर्रास क्रूझ म्हणतात त्या प्रवासाचे तिकीट कंपनीकडून थेट घ्यावे की एजंटाकडून, हा प्रश्न आजच्या गिऱ्हाइकाला बहुधा दोन दरांच्या तुलनेचा वाटतो. इतिहासात मात्र तो दराचा कमी आणि बोटीवरच्या जागांचा जास्त आहे. बोट धक्का सोडते त्या क्षणी तिच्यावर जो बर्थ रिकामा राहिला त्याचे उत्पन्न कायमचे बुडते, आणि कोळसा, खलाशांचे पगार, बंदराचा कर हा खर्च मात्र बोट भरलेली असो वा अर्धी, जवळजवळ तेवढाच येतो. उतारू मिळण्या-न मिळण्याची ही जोखीम कोणी सोसायची यावर मध्यस्थाचे वजन वाढत किंवा घटत गेले. जागा उदंड आणि उतारू थोडे असत तिथे कंपन्यांनी त्याची मनधरणी केली. उतारू उदंड आणि जागा थोड्या असत तिथे तोच मध्यस्थ उतारूंना नाडू लागला आणि सरकारला कायदे करावे लागले.

या व्यवसायाची पहिली पाठशाळा म्हणजे एकोणिसाव्या शतकातील युरोपचे स्थलांतर. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि रशियाच्या अंतर्भागातून अमेरिकेस निघालेल्या शेतकऱ्याला वा कारागिराला हॅम्बुर्गमधील आगबोट कंपनीची कचेरी माहीत असण्याचे कारण नव्हते. त्याच्या गावापर्यंत पोहोचत असे तो एजंटाचा माणूस, आणि रेल्वे, बंदरातील मुक्काम व बोट या सर्वांची सांगड घालून एकच तिकीट तोच हातात देत असे. हॅम्बुर्गमधील अशाच एका पेढीत, ‘मॉरिस अँड कंपनी’त, आल्बर्ट बालिन (१८५७–१९१८) याचे वडील भागीदार होते आणि १८७४ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर कोवळ्या वयाच्या बालिनकडे ते काम आले. हॅम्बुर्गहून थेट न्यूयॉर्कला जाणाऱ्या बोटीपेक्षा इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर उतरून, रेल्वेने लिव्हरपूल गाठून तिथून ब्रिटिश बोट पकडणे स्वस्त पडते, हे ओळखून त्याने हा आडवळणाचा प्रवास मोठ्या प्रमाणावर विकला. म्हणजे हॅम्बुर्गच्या कंपनीच्या अंगणात बसून तो तिच्या प्रतिस्पर्ध्यांची तिकिटे खपवत होता.

पुढे १८८१ पासून त्याने एडवर्ड कार नावाच्या जहाजमालकाशी हातमिळवणी केली. कारच्या मालवाहू बोटींत फक्त ‘स्टीअरेज’चे, म्हणजे जहाजाच्या पोटातील स्वस्त व सामाईक जागेचे उतारू घ्यायचे आणि वरच्या वर्गाचा प्रवासी मुळीच नसल्यामुळे संपूर्ण डेक त्यांनाच मोकळा ठेवायचा, अशी ही योजना होती. अन्य कंपन्यांच्या बोटींवर या गरीब उतारूंना डेकच्या एका कोपऱ्यात दाटीने उभे राहावे लागे, त्यामुळे कारच्या बोटींकडे लोक वळले, दरयुद्ध पेटले आणि अखेर हॅम्बुर्ग-अमेरिका कंपनीने (जिला आद्याक्षरांवरून हापाग म्हणत) तह करून १८८६ मध्ये बालिनलाच आपल्या प्रवासी खात्याचा प्रमुख नेमले. १८९९ मध्ये तो कंपनीचा सर्वोच्च संचालक झाला. ज्या एजंटाला हरवता येत नाही त्याला घरात घ्यावे, हा धडा या धंद्यात पुढेही पुन्हा गिरवला गेला.

आधुनिक क्रूझचा उगम याच माणसाच्या हिशोबी डोक्यात झाला. उत्तर अटलांटिकवर हिवाळ्यात वादळे उठतात, उतारू घटतात, आणि कंपनीच्या नव्या व महागड्या बोटी तोट्यात चालतात. त्यांपैकी ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ ही बोट हिवाळाभर भूमध्य समुद्रात फिरवावी आणि प्रवास हाच माल म्हणून विकावा, असे त्याने ठरवले. २२ जानेवारी १८९१ रोजी ती कुक्सहाफेनहून २४१ प्रवाशांसह निघाली, तिच्यावर स्वतः बालिनही होता, आणि सुमारे दोन महिन्यांच्या फेरीत बोटीने अलेक्झांड्रिया, कॉन्स्टँटिनोपल आदी बंदरे घेतली. ही जगातील पहिली क्रूझ होय, असे पुष्कळदा लिहिले जाते, ते काटेकोरपणे खरे नाही. १८६७ मध्ये न्यूयॉर्कहून ‘क्वेकर सिटी’ ही बोट अशाच सहलीला निघाली होती, तिचे भाडे १,२५० डॉलर होते आणि मार्क ट्वेनने तिच्यावरून ‘द इनोसन्ट्स अब्रॉड’ लिहिले. तिथे तर उतारूंची निवड करण्यासाठी समिती होती, म्हणजे विकणाराच गिऱ्हाइकाची परीक्षा घेत होता. बालिनचे वेगळेपण असे की त्याने ही सहल एकदाच घडवली नाही, तर तिला कंपनीच्या नित्य व्यवहाराचा भाग केले. १९०१ मध्ये केवळ सहलीसाठी बांधलेली, मालाला जागाच नसलेली ‘प्रिन्झेसिन व्हिक्टोरिया लुईझे’ पहिल्या सफरीवर निघाली. १९०६ मध्ये ती जमैकाच्या किनाऱ्यावर आदळून फुटली.

याच सुमारास मुंबईत नेमके उलटे चित्र होते. हाजींच्या बोटींसाठी उतारूंची वाण नव्हती. भारताच्या सर्व भागांतून, मध्य आशियातूनही, मक्केला निघालेले यात्रेकरू मुंबईत जमत आणि मुसाफिरखान्यांत बोटीची वाट पाहत पडून राहत. त्यांच्यात आणि जहाजमालकांत उभा असे तो परवानाधारक वा बिनपरवाना दलाल, जो एक तारीख सांगून दुसऱ्या तारखेपर्यंत बोट अडवून धरी, कारण ती पुरती भरेपर्यंत सोडण्यात कोणाचाच फायदा नसे. तिकिटाचा भाव आज एक तर उद्या दुसरा असे. डेकवर दाटीने कोंबलेल्या या प्रवासाची कुप्रसिद्धी १८८० च्या ‘जेद्दा’ प्रकरणाने जगभर झाली. सुमारे साडेनऊशे यात्रेकरूंना घेऊन पेनांगहून निघालेली ही बोट बुडते आहे असे समजून तिचा कप्तान व अधिकारी बचावनौकेतून निघून गेले, आणि मागे राहिलेली बोट प्रवाशांसह सुरक्षित एडनला ओढून आणण्यात आली. जोसेफ कॉनरॅडच्या ‘लॉर्ड जिम’ या कादंबरीमागे हीच घटना आहे.

सरकारपुढे दोन मार्ग होते: दलालांना परवान्याच्या चौकटीत आणणे, किंवा त्यांच्या जागी एक भरवशाचा मोठा एजंट बसवणे. दोन्ही एकदमच करून पाहिले गेले. १८८७ च्या मुंबईच्या कायद्याने यात्रेकरूंच्या दलालांना परवाना सक्तीचा केला, आणि १८८६ मध्ये ‘थॉमस कुक अँड सन’ या इंग्रज पेढीशी करार करून हजयात्रेची व्यवस्था तिच्याकडे सोपवली गेली. १८४१ मध्ये लेस्टरहून लफबरोला रेल्वेने दारूबंदीच्या कार्यकर्त्यांची सहल नेऊन थॉमस कुकने आरंभ केलेल्या या पेढीने तोवर तिकीट, हॉटेल आणि पैशांची हुंडी एकाच खिडकीवर देण्याची पद्धत रुळवली होती. संस्थापकाचा मुलगा जॉन मेसन कुक याने हे काम अंगावर घेतले, ते तोटा झाल्यास सरकार भरून देईल या अटीवर. यात्रेकरूने आपल्या भागातील रेल्वे स्थानकापासून जेद्दापर्यंतचे सलग तिकीट ठरलेल्या दरात घ्यावे आणि मुंबईत कोणाच्या दारात उभे राहू नये, अशी त्यामागची कल्पना होती.

कल्पना चांगली, पण अर्धवट होती. सरकारने कुकला मक्ता दिला नाही. इतर जहाजमालक आणि त्यांचे दलाल बाजारात कायम राहिले, आणि कुकचा दर जाहीर होताच त्यापेक्षा कमी सांगणे त्यांना सोपे होते. दलाल यात्रेकरूची भाषा बोलत, त्याच्या जिल्ह्याची व जमातीची त्यांना ओळख असे. साहेबी पेढीच्या छापील दरपत्रकाला ती सर नव्हती. हाजींपैकी मोठा हिस्सा कुकच्या बोटींकडे आलाच नाही, तोटा सरकार भरत राहिले आणि १८९३ मध्ये हा करार संपला. दलालीच्या इतिहासात या प्रसंगाचे महत्त्व असे की येथे ‘थेट’ असे काही नव्हतेच: एक मध्यस्थ हटवण्यासाठी दुसरा आणला गेला, इतकेच घडले.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बोटीचा प्रवास हा गरजेचा प्रवास राहिला. मुंबईहून विलायतेला जाणारा विद्यार्थी, व्यापारी किंवा सनदी अधिकारी पी. अँड ओ. या ब्रिटिश आगबोट कंपनीच्या कचेरीत जाई किंवा कुक, ‘कॉक्स अँड किंग्ज’ अशा एजंट पेढ्यांकडे. दर सारखाच असे आणि एजंट आपले कमिशन कंपनीकडून घेई. हा सारा डोलारा जेट विमानाने कोसळवला. १९५८ नंतर अटलांटिक ओलांडणाऱ्यांत विमानाचे उतारू बोटीच्या उतारूंपेक्षा जास्त झाले, आणि जगभरच्या कंपन्यांकडे अचानक प्रचंड बोटी उरल्या, प्रवासी उरले नाहीत. बालिनचा हिवाळी प्रश्न आता बारमाही झाला होता.

त्याचे उत्तर मायामीत सापडले, आणि तेही एका एजंटामुळे. तेल अवीवमध्ये जन्मलेल्या टेड ॲरिसनकडे १९६६ मध्ये कॅरिबियन सहलीसाठी नोंदवलेले उतारू होते, पण त्याने भाड्याने घेतलेली बोट हातची गेली होती; नॉर्वेच्या क्नुट क्लोस्टरकडे ‘सनवर्ड’ ही नवी बोट होती, पण जिब्राल्टरवरून ब्रिटन आणि स्पेन यांच्यात चाललेल्या वादामुळे तिच्या मूळ मार्गावर उतारू नव्हते. दोघे एकत्र आले आणि त्याच वर्षी डिसेंबरात मायामीहून ती सेवा सुरू झाली. ॲरिसन विक्री पाही, क्लोस्टर बोटी. पुढे १९७१ मध्ये दोघांचे फाटले, आणि वादाच्या केंद्रस्थानी होता उतारूंनी आगाऊ भरलेला विसार: तो विकणाऱ्याच्या ताब्यात होता आणि बोट मात्र मालकाची. एजंटाकडून तिकीट घेणाऱ्याने कोणत्या गोष्टीची चौकशी करावी, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही.

ॲरिसनने मग बोस्टनच्या एका पर्यटन कंपनीच्या भांडवलावर ‘कार्निव्हल’ उभी केली. तिची पहिली बोट ‘मार्डी ग्रा’ मार्च १९७२ मध्ये पहिल्याच सफरीवर मायामी बंदराबाहेर वाळूच्या दांड्यावर रुतली, तेव्हा बोटीवर सुमारे ३०० ट्रॅव्हल एजंट पाहुणे म्हणून होते. ज्यांनी बोट पाहून देशभर तिची शिफारस करायची, तेच तिचा फजितीचा प्रसंग पाहत बसले! १९७४ मध्ये ॲरिसनने कर्जासकट कंपनी एका डॉलरला विकत घेतली. पुढे कार्निव्हलने एजंटांना जिंकण्यासाठी वेषांतराचाही आधार घेतला. कंपनीची माणसे सामान्य गिऱ्हाईक बनून दुकानांत शिरत, सुट्टी कुठे घालवावी असे विचारत. एजंटाने आधी क्रूझ सुचवली तर जागच्या जागी १० डॉलर, आणि कार्निव्हलचेच नाव घेतले तर १,००० डॉलर त्याच्या हातावर ठेवत. अमेरिकेतील क्रूझची दहापैकी नऊहून अधिक तिकिटे त्या काळी एजंटांच्या हातून खपत असल्यामुळे हा खर्च कंपनीला परवडत होता.

विमान कंपन्यांनी मात्र याच काळात उलटी दिशा धरली. १९९५ मध्ये डेल्टा या कंपनीने देशांतर्गत परतीच्या तिकिटावरील कमिशनला ५० डॉलरची मर्यादा घातली, इतरांनी तिचे अनुकरण केले, आणि २००२ पर्यंत अमेरिकेत ठरावीक कमिशन जवळपास नाहीसे झाले. विमानाचे तिकीट संगणकावर स्वतः काढता येते, ते का, तर त्यात निवडण्यासारखे फारसे नसते. क्रूझमध्ये केबिन कोणत्या मजल्यावर, खिडकी की बाल्कनी, जेवणाची वेळ, बंदरावरची सहल, विमा असे निर्णय एकावर एक रचलेले असतात. कमिशन सुटलेल्या एजंटांनी म्हणूनच क्रूझकडे धाव घेतली. कंपन्यांनीही फोनवरून व नंतर संकेतस्थळावरून थेट विक्री वाढवली, पण दर फारसा खाली आणला नाही, कारण एजंट दुखावला तर बोटी रिकाम्या राहतील ही भीती कायम होती. त्याऐवजी त्यांनी भाड्याचे दोन तुकडे केले, एक कमिशन लागू असलेला आणि दुसरा नसलेला, आणि दुसरा तुकडा हळूहळू वाढवत नेला. गिऱ्हाईक देतो ती रक्कम दोन्हीकडे सारखीच. एजंट फार तर आपल्या कमिशनातून त्याला बोटीवर खर्चायला काही रक्कम देऊ शकतो.

विश्वास कोणावर ठेवावा, याबाबत अलीकडच्या घटनांनी दोन्ही बाजू उघड्या पाडल्या. २३ सप्टेंबर २०१९ रोजी ब्रिटनची थॉमस कुक कोसळली आणि परदेशांत अडकलेल्या दीड लाखाहून अधिक पर्यटकांना सरकारला परत आणावे लागले (भारतातील त्याच नावाची कंपनी तोवर वेगळ्या मालकीची होती आणि तिला धक्का लागला नाही). त्याच वर्षी मुंबईची ‘कॉक्स अँड किंग्ज’ दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. दुसरीकडे एप्रिल २०१९ मध्ये मुंबईहून सुरू झालेली ‘जलेश’ ही क्रूझ कंपनी कोविडच्या तडाख्यात ऑक्टोबर २०२० मध्ये बंद पडली, आणि तिची ‘कर्णिका’ ही बोट अलंगच्या भंगारबंदरात पोहोचली. २०२१ पासून मुंबईहून ‘कॉर्डेलिया’ या क्रूझ कंपनीच्या फेऱ्या चालतात; तिचे तिकीट संकेतस्थळावर सहज निघते, तरी मराठी पर्यटन कंपन्या सिंगापूर, भूमध्य समुद्र वा अलास्काच्या सहलींसाठी परदेशी बोटींवरील केबिनांचा गठ्ठा महिनोन्महिने आधी आपल्या नावावर उचलतात, आणि ठरल्या तारखेपर्यंत न खपलेल्या केबिना परत केल्या नाहीत तर त्यांचे पैसे कंपनी त्यांच्याकडूनच वसूल करते.