मंदिरावाचून प्रार्थना

इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले आणि यहुदी लोकांचे नित्याचे होमबली थांबले. सारा उपासनाविधी त्या एका वेदीभोवती गुंफलेला असता तो धर्म तगला, कारण बळीची जागा प्रार्थनेने घेतली. ‘शेमा’ ही त्यांतील मुख्य होय. ईश्वर एकच आहे, ही तिची ग्वाही. ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात ती आली असून घरी, वाटेवर, निजता-उठता तिचा उच्चार व्हावा व ती मुलांना शिकवावी, अशी तेथेच आज्ञा आहे.

या आज्ञेचे सामर्थ्य आपल्या कोकणात दिसते. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटून आपले पूर्वज आले, असे बेने इस्रायल सांगतात. कालांतराने हिब्रू विसरली. ते मराठी बोलू लागले, तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. शेमाचे शब्द मात्र मुखी राहिले, अशी त्यांची परंपरा आहे. मुंबईत त्यांचे पहिले सिनेगॉग उभे राहिले ते १७९६ साली. तोवरच्या कित्येक पिढ्यांना घरच्या पाठांतराचाच आधार होता.

बदलीचा हुकूम येताच देव्हारा ट्रंकेत बांधणाऱ्या आपणांस हे मनाला लावून घेण्याजोगे आहे. आजोळच्या देवळातली सायंकाळची आरती आपल्या मुलांनी क्वचितच ऐकली असेल. तिन्हीसांजेला परवचा तरी आपण त्यांच्याकडून म्हणवून घेतो काय?