लालबावट्याची शेवटची फेरी

शाहिरांचा इतिहास म्हटला की आपण सरळ शिवकाळात जातो. मला मात्र शेजारच्या बार्शीच्या अमर शेखांविषयी लिहायचं आहे. ओव्या गाणाऱ्या मुनेरबींचा हा मुलगा. १९४४ मध्ये त्यांनी, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांनी लालबावटा कलापथक उभं केलं. डफ, तुणतुणं आणि मागे झील धरणारे. गिरणगावापासून शेतकऱ्यांच्या सभांपर्यंत पोवाडे आणि वग. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने बंदी घातली आणि पथक विखुरलं.

शाहिरांना पुन्हा एका मागणीसाठी गावोगाव फिरवलं ते संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यानं. अण्णा भाऊंची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड त्याच काळातली. ऐकताना विरहाची लावणी वाटते; पण ती मैना म्हणजे तुटलेला मुलूख.

आपलं जळकोट (लातूरचं नव्हे, हे सांगावंच लागतं!) तेव्हा कुठे होतं? ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, दुसऱ्या दिवसापासून द्वैभाषिक मुंबईत आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. साडेतीन वर्षांत तीन राज्यं, तीही गाव जागचं न हलता! शाहिरांच्या गाण्यात नकाशा का येतो, हे आपल्या आजी-आजोबांना वेगळं समजवावं लागलं नसेल.

माझ्या मते तीच त्यांची शेवटची खरी फेरी. राज्य मिळालं; बेळगाव-कारवार राहिलं. अण्णा भाऊ १८ जुलै १९६९ ला गेले, अमर शेख त्याच वर्षी २९ ऑगस्टला. मधे फक्त सहा आठवडे.