तिथी आणि भरती

जोग नदीच्या मुखाशी वसलेल्या आंजर्ल्यात पूल होण्याआधी खाडी होडीने ओलांडावी लागे. त्यासाठी भरतीची वेळ काढायला कोकणात घड्याळाआधी तिथी लागे: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीचा तास. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हिशेब ढोबळ, पण पाया पक्का. चंद्र पुढे सरकत असल्याने भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. भरतीचे कारण न्यूटनने १६८७ मध्ये मांडले. चंद्राचे गुरुत्वाकर्षण जवळच्या पाण्याला जास्त, पृथ्वीच्या मध्याला कमी आणि पलीकडच्या पाण्याला त्याहून कमी ओढते. या फरकाने दोन्ही बाजूंना पाणी फुगते, म्हणून भरती दिवसातून दोनदा. सूर्याचा प्रभाव चंद्राच्या निम्म्याहूनही कमी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास तो चंद्राला साथ देतो तेव्हा उधाण, अष्टमीच्या सुमारास आडवा येतो तेव्हा भांगाची भरती.