१. लेफ्टनंट जॉर्ज विंगेट
आधीचे जमाबंदी अधिकारी प्रिंगल यांच्या जबर सारा-आकारणीने रयत परागंदा होऊन अंथुर्णे गावासह सारा इंदापूर तालुका हलाखीस पोहोचल्यावर, त्याची जमाबंदी ज्या दोघांनी नव्याने बांधली, त्यांपैकी गोल्डस्मिड हे मुलकी अधिकारी, तर विंगेट मुंबई लष्कराच्या इंजिनियर दलातील होते. निव्वळ अर्थशास्त्रीय सिद्धांतावर न विसंबता, शेतवार मोजणी, जमिनीची आणेवार प्रतबंदी, पर्जन्यमान व बाजारपेठेचे अंतर ध्यानी घेऊन १८३६ साली या दोघांनी हलका सारा तीस वर्षांसाठी मुक्रर केला. मोजणी अधिकाऱ्यांच्या १८४७ च्या संयुक्त अहवालाने हीच पद्धती मुंबई इलाख्यात दृढ झाली. मुदतीत केलेल्या सुधारणेचे फळ कसणाऱ्याच्याच पदरी राहील, हा भरवसा कुणब्यास लाभला, हे या व्यवस्थेचे चिरस्मरणीय श्रेय होय. — संपादक