आकुर्डीची गंगाजळी

लक्ष्मीपूजनाला व्यापारी चोपड्या पुजतो आणि घरची गृहिणी पाटावर चार नाणी मांडून त्यांना हळदकुंकू वाहते. घरात पैसा साठला की तो शुभ, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. पण हाच पैसा एखाद्या कंपनीच्या तिजोरीत साठत गेला तर? तिचे मालक म्हणजे हजारो भागधारक. किल्ली मात्र दोनचार जणांच्या कनवटीला. मग त्या साठ्याचे मोल काय धरावे? पुण्याशेजारच्या आकुर्डीला या प्रश्नाचा एक मोठा इतिहासच घडला आहे.

बजाज ऑटो ही मूळची १९४५ सालची व्यापारी पेढी. १९५९ साली तिला दुचाकी-तीनचाकी बनविण्याचा परवाना मिळाला. इटलीच्या पियाजिओ कंपनीशी असलेला करार १९७१ साली संपला आणि पुढच्याच वर्षी ‘चेतक’ आली. ती स्कूटर मिळायला किती वर्षे थांबावे लागे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे! मागणी उदंड, पण गाड्या किती काढायच्या हे सरकारी परवान्यावर ठरणार. विक्रेत्याकडून पैसे रोख येत, सुटे भाग पुरविणाऱ्यांची बिले मागाहून चुकती होत. आणि आलेला पैसा कारखाना वाढविण्यात घालावा म्हटले तर परवाना आडवा येई. पाणी अडले की तळे होतेच. १९६८ पासून कारभार पाहणारे राहुल बजाज हिशेबाला चोख. तळ्याला गळती लागली नाही.

१९९१ नंतर परवान्याचा बांध फुटला. लोक मोटारसायकलींकडे वळले, आणि भागधारकांच्या प्रतिनिधींनी टोचून विचारायला सुरुवात केली : हा पैसा आमचाच ना? मग तो तुमच्या तिजोरीत कशाला? गंमत अशी, की भारतीय उद्योग महासंघाने १९९८ साली कंपन्यांच्या कारभारासाठी जी संहिता काढली, तिच्या समितीचे अध्यक्ष राहुल बजाजच होते. स्वतंत्र संचालक असावेत, भागधारकांना माहिती उघडपणे द्यावी, असे तीत सांगितले होते. शेअर परत विकत घेण्याची मुभा कायद्याने त्याच साली दिली. २००० साली कंपनीने ४०० रुपये दराने १ कोटी ८२ लाख शेअर परत घेतले, म्हणजे सुमारे ७२८ कोटी रुपये भागधारकांच्या हाती गेले. तिजोरी तरीही भरलेलीच राहिली.

ती निरुपयोगी होती असे मात्र कोणी समजू नये. शेजारच्या पिंपरीतल्या टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, ‘इंडिका’वर १,७०० कोटी रुपये घातले आणि २०००-०१ साली ५०० कोटींचा तोटा सोसला. ती त्यातून सावरली, ही गोष्ट निराळी. बजाजचाही नफा त्या वर्षी चांगलाच घसरला. पण सावकाराचे दार ठोठावावे लागले नाही. १९९९ साली चाकणचा कारखाना उभा राहिला, २००१ साली ‘पल्सर’ आली, आणि दिवस पालटले.

मग २००७-०८ साली कंपनीची वाटणी झाली. गाड्यांचा धंदा नव्या बजाज ऑटोकडे आणि विमा व वित्ताचा बजाज फिनसर्व्हकडे गेला. जुन्या शेअरमागे दोन्हींचा एकेक शेअर मिळाला. जुन्या कंपनीचे नाव ‘बजाज होल्डिंग्ज’ असे झाले आणि गंगाजळीचा मोठा भाग तिच्याकडेच राहिला. शिवाय दोन्ही नव्या कंपन्यांतला मोठा हिस्साही. या वाटणीने हिशेब स्वच्छ झाला, गाडीचा नफा गाडीचा म्हणून दिसू लागला. किल्लीची जागा मात्र हलली नाही. बाजार हे नेमके ओळखतो. होल्डिंग्जच्या पोटात किती माल आहे हे कोणालाही मोजता येते, तरी तिचा शेअर त्या मालाच्या किमतीपेक्षा बराच खाली विकला जात आला आहे. डब्यात लाडू आहेत हे दिसते, पण डबा आपल्याला उघडता येत नाही, तर पोरसुद्धा त्या लाडवांची पूर्ण किंमत धरणार नाही! इथे कोणी लबाडी केली असे मुळीच नाही. कमी होतो तो हक्क, आणि त्याचीच वजावट होते.

राहुल बजाज २०२२ साली निवर्तले. जिथली वाहननिर्मिती २००७ साली थांबली होती, त्या आकुर्डीत त्यांच्या त्याच वर्षीच्या जयंतीला विजेवरच्या ‘चेतक’चा कारखाना सुरू झाला. २०२४ साली बजाज ऑटोने १०,००० रुपये दराने ४,००० कोटींचे शेअर परत घेतले. त्याच वर्षाच्या अखेरीस ऑस्ट्रियाची केटीएम कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली. तिच्यात बजाजचा हिस्सा २००७ पासूनचा, तिच्या गाड्या चाकणलाही बनतात. २०२५ साली बजाजने तिच्यासाठी ८० कोटी युरोंची तजवीज केली. त्यातला मोठा भाग बँकांनी कर्जाऊ दिला. भरल्या घराला उधारी लवकर मिळते. केटीएमच्या धनकोंना मात्र शंभरातले तीसच हाती आले.